बेळगावचे रिपोर्ट कोल्हापुरात: डिजिटल दवाखान्यांतून वाट काढताना

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या वाचकांकडून तीन प्रश्न हटकून येतात. ‘आभा कार्ड काढलंय, आता ऑपरेशन फुकट होईल ना?’ ‘बेळगावात सगळं कॉम्प्युटरवर आहे म्हणतात, मग कोल्हापूरच्या डॉक्टरांना ते दिसत का नाही?’ आणि तिसरा, जरा दबक्या आवाजातला: ‘रेशनकार्ड कर्नाटकाचं आहे, पेशंटला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेलं तर कुठली योजना लागेल?’

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर असं की दोन रुग्णालयांचे संगणक आपणहून एकमेकांशी बोलत नाहीत. ते बोलावेत म्हणून तुम्हालाच काही गोष्टी आधी कराव्या लागतात. तिसऱ्याला एका वाक्यात उत्तर नाही. त्यासाठी पुढे स्वतंत्र भाग आहे, आणि घाईत असाल तर तो आधी वाचा.

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे इथलं दुखणं दक्षिणेला जातं तसंच उत्तरेलाही जातं. अँजिओग्राफी बेळगावच्या केएलईत, मुतखड्याचं ऑपरेशन कोल्हापुरात, ‘एकदा दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवू’ म्हणून मिरज, आणि तापाला गावातला दवाखाना. माणूस एकच, राज्यं दोन, आणि दर ठिकाणी संगणकातली प्रणाली वेगळी. पुण्यातल्या रुग्णासाठी लिहिलेल्या सूचना म्हणूनच इथे अर्ध्याच उपयोगी पडतात.

रुग्णालयाच्या संगणकात तुमचं काय असतं

नोंदणीच्या खिडकीवर तुम्हाला एक नंबर मिळतो. कुठे त्याला यूएचआयडी म्हणतात, कुठे एमआरडी नंबर, बहुतेक ठिकाणी नुसता ‘फाईल नंबर’. लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमा, वॉर्डातल्या नोंदी, बिल हे सगळं त्या एका नंबराला टांगलेलं असतं. तो नंबर त्याच रुग्णालयापुरता चालतो. शेजारच्या रुग्णालयात तुम्ही पुन्हा नवे.

म्हणून प्रत्येक रुग्णालयाचा फाईल नंबर मोबाईलमध्ये रुग्णाच्या नावाने लिहून ठेवा. खिडकीवर ‘पूर्वी आला होतात का?’ असं विचारल्यावर ‘नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. दोन नंबर पडले की जुनी नोंद जुन्याच नंबराखाली राहते, आणि नव्या डॉक्टरांना पडद्यावर कोरी पाटी दिसते. दोन नंबर पडलेच असतील तर नोंदणी विभागाला किंवा मेडिकल रेकॉर्ड विभागाला लेखी अर्ज देऊन ते एकत्र करून घ्या. बहुतेक प्रणालींत तशी सोय असते, पण सांगितल्याशिवाय ती कुणी वापरत नाही.

इथेच एक सांगून टाकतो. काचेची खिडकी, टोकनचा टीव्ही आणि बारकोडचा मनगटपट्टा म्हणजे चांगले उपचार नव्हेत. कागदावर काम करणाऱ्या डॉक्टरांचा हात चांगला असेल तर केवळ ‘डिजिटल’ पाटी बघून त्यांना सोडू नका.

सगळ्यात आधी: नाव आणि मोबाईल नंबर

सीमाभागातले निम्मे घोटाळे इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

समजा, रुग्णाचं नाव लक्ष्मण भरमू पाटील. आधार कर्नाटकातलं, म्हणजे त्यावर कन्नड आणि इंग्रजी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये लक्ष्मण ‘एक्स’ने लिहिलेला. रेशनकार्डावर तोच लक्ष्मण ‘के-एस-एच’ने, आणि वडील भरमूचे ‘भरमा’ झालेले. बेळगावच्या रुग्णालयाने आडनाव आधी घातलं. कोल्हापूरच्या रुग्णालयाने वडिलांचं नाव गाळलं आणि वयाच्या रकान्यात अंदाजे साठ लिहिलं. माणसाला हे चौघेही एकच आहेत हे लगेच कळतं. संगणकाला ती चार माणसं वाटतात.

काय करायचं:

- रुग्णाचं आधार समोर ठेवा. तेच स्पेलिंग, तोच क्रम, तीच जन्मतारीख प्रत्येक रुग्णालयात सांगा. तोंडी सांगू नका, कार्डच पुढे करा. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन उच्चारांतून जाताना नाव बदलतंच.
- नोंदणीची पावती हातात आली की खिडकी सोडायच्या आधी ती वाचा. डिस्चार्जच्या दिवशी चूक सापडली तर दुरुस्तीला अर्धा दिवस जातो.
- आधारवरचंच नाव चुकलं असेल तर ते घरात कुणी आजारी नसताना सुधारून घ्या. आधारमध्ये नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे पुरावा नीट जमवून जा.
- लग्न होऊन सीमेपलीकडे गेलेल्या मुलींची अडचण वेगळी. कागलची मुलगी निपाणीत दिली. आधार माहेरच्या नावाचं, रेशनकार्डावर सासरचं नाव. योजनेचं काम निघालं की हे दोन कागद जुळत नाहीत. लग्नानंतरच्या वर्षभरात आधार आणि रेशनकार्ड एका नावावर आणणं सगळ्यात सोपं पडतं.

मोबाईल नंबरचंही तसंच. खिडकीवर रुग्णाऐवजी सोबत आलेल्या भाच्याचा नंबर दिला जातो. पुढे सगळे रिपोर्ट आणि ओटीपी भाच्याला. तो पुण्याला नोकरीवर गेला की घरच्यांना काही मिळत नाही. घरातला एक नंबर ठरवा, जो आधारशी जोडलेला आहे आणि ज्याचं रिचार्ज कधी संपू दिलं जात नाही. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते. तुमच्या आईचे रिपोर्ट मग त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

आभा वेगळं, आयुष्मान वेगळं

दोन्ही कार्डांवर सरकारी छाप, दोन्ही आरोग्याची, आणि गावातल्या शिबिरात दोन्ही एकाच टेबलावर काढून मिळतात. गोंधळ होणारच.

आभा म्हणजे चौदा आकडी आरोग्य खाते क्रमांक. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं, त्यातला हा भाग. तो तुमच्या वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या नोंदी एका धाग्यात ओवण्यासाठी आहे. त्यातून एक रुपयाही मिळत नाही. तो कोणालाही काढता येतो. उत्पन्न, रेशनकार्ड काही लागत नाही. आणि तो ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून कोणी तुमचा केसपेपर काढायला नकार देत असेल तर ते चूक आहे.

आयुष्मान कार्ड म्हणजे पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण. ते पात्रतेवर मिळतं. कर्नाटकात ही योजना राज्याच्या आरोग्य कर्नाटक योजनेशी जोडलेली आहे.

आभा काढावं का? आमचं मत: ज्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदय, किडनी, कॅन्सर असं दीर्घकाळ चालणारं दुखणं आहे आणि जे दोन राज्यांत उपचार घेतात, त्यांनी जरूर काढावं. वर्षातून एकदा सर्दी-खोकल्याला डॉक्टरकडे जाणाऱ्याला घाई नाही.

काढताना इतकंच पाहा: आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, तो तुमच्याच हातात असू द्या. शिबिरात कार्यकर्त्याच्या फोनवरून काढून घेतलं असेल तर नंतर आभा ॲपमध्ये स्वतःच्या नंबराने उघडून पाहा. संपर्काचा नंबर दुसऱ्याचा निघाला तर बदला. आधीच एक आभा असेल तर ‘मागचं सापडत नाही’ म्हणून नवं काढू नका. जुनं परत शोधायची सोय ॲपमध्ये आहे. चौकशीसाठी १४४७७ हा क्रमांक आहे.

ओपीडीच्या रांगेत

सरकारी रुग्णालयांत, आणि आता काही खासगी ठिकाणीही, नोंदणीच्या खिडकीजवळ क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो. ‘स्कॅन अँड शेअर’ ही सोय ऑक्टोबर २०२२ पासून आली. आभा ॲप किंवा आरोग्यसेतूवरून कोड स्कॅन केला की तुमचं नाव, वय, लिंग, पत्ता, आभा क्रमांक खिडकीवरच्या संगणकात जातो आणि तुम्हाला टोकन मिळतं. नाव आधारवरून जसंच्या तसं गेल्यामुळे वरची स्पेलिंगची भानगड इथे आपोआप टळते. वेळ वाचण्याहून हा फायदा मला मोठा वाटतो.

एक शंका नेहमी विचारली जाते. कोड स्कॅन केल्याने जुने रिपोर्ट त्यांना दिसतात का? नाही. फक्त ओळखीची माहिती जाते.

सोमवारी सकाळी बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये, गर्दी असते तेव्हा फोनला नेट मिळेलच असं नाही. ॲप घरूनच उतरवून, लॉगिन करून या. स्मार्टफोन नसेल तर अडत नाही. साधा केसपेपर काढायची खिडकी चालू ठेवणं रुग्णालयाला भागच आहे. संदेश कन्नडमधून आला आणि वाचता येत नसेल तर टोकन नंबर आणि खोली नंबर एवढंच खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्या.

मंजुरी देताना चार गोष्टी वाचा

रिपोर्ट तयार झाला त्या रुग्णालयाकडेच तो राहतो. दिल्लीत कुठे सगळं साठवलं जात नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांना तो पाहायचा असेल तर त्यांच्याकडून विनंती तुमच्या ॲपमध्ये येते आणि तुम्ही हो म्हटल्यावर तेवढ्यापुरता तो दिसतो. मात्र दोन्ही रुग्णालयांची प्रणाली या डिजिटल मिशनशी जोडलेली हवी. एक जरी जोडलेलं नसेल तरी हा मार्ग बंद, मग पुढच्या भागातला उपाय.

विनंती आली की डोळे झाकून ‘मंजूर’ दाबू नका. पाहा:

- मागणारं रुग्णालय तेच आहे का, जिथे तुम्ही आत्ता बसला आहात?
- कुठल्या तारखांमधल्या नोंदी मागितल्या आहेत? गुडघ्याच्या दुखण्याला दहा वर्षांपूर्वीच्या मानसोपचाराची नोंद द्यायची गरज नाही. तारखा आणि प्रकार कमी करता येतात.
- मंजुरी किती दिवस टिकणार? उपचार संपतील एवढीच मुदत ठेवा.
- नको वाटलं तर नंतर रद्द करता येते, हे लक्षात असू द्या.

जुने रिपोर्ट ॲपमध्ये आणायचे असतील तर ॲपमध्ये त्या रुग्णालयाचं नाव शोधून ‘लिंक’ करावं लागतं. रुग्णालय तुम्हाला शोधतं ते नोंदवलेल्या मोबाईल नंबरावरून. तिथे भाच्याचा नंबर असेल तर उत्तर येतं, ‘नोंद आढळली नाही’.

प्रत्यक्षात चालणारा उपाय: स्वतःची पिशवी

जाळं विणलं जातंय, पण आज निपाणीचा एखादा छोटा दवाखाना, चिकोडीची लॅब आणि कोल्हापूरचं मोठं रुग्णालय हे तिघंही त्यात असतील याची खात्री धरून चालू नका. त्यामुळे रुग्णालय सोडताना पुढच्या वस्तू हातात घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.

डिस्चार्ज कार्ड. छापील, सही-शिक्क्याचं. औषधांची नावं हाताने लिहिलेली असतील तर ती छापून मागा, आणि औषधातला मूळ घटक लिहायला सांगा. बेळगावच्या मेडिकलमधली कंपनी कोल्हापुरात मिळेलच असं नाही. घटक कळला तर दुसऱ्या कंपनीचं तेच औषध मिळतं.

लॅबचे रिपोर्ट पीडीएफमध्ये. व्हॉट्सॲपवर मागत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवलं की आकडे धूसर होतात. हिमोग्लोबिन ९.१ आहे की ९.७ यावर डॉक्टरांना तर्क करायला लावू नका.

प्रतिमांची सीडी. हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सीटी, एमआरआय आणि विशेषतः अँजिओग्राफी यांचा लेखी रिपोर्ट एक गोष्ट आणि प्रतिमा दुसरी. बायपास करायचा की स्टेंट घालायचा हे ठरवताना दुसऱ्या गावचा हृदयरोगतज्ज्ञ कागद वाचून समाधान मानत नाही, त्याला रक्तवाहिनीतून औषध वाहतानाची हलती चित्रं स्वतः पाहायची असतात. ती सीडीत असतात. ती नसेल तर अँजिओग्राफी पुन्हा करावी लागू शकते. म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा सुई, पुन्हा किडनीवर ताण. घरी आल्यावर सीडी लगेच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण नव्या लॅपटॉपांना सीडी घालायची जागाच नसते आणि कपाटात पडलेली सीडी ओरखडते. उतरवताना आतले सगळे फोल्डर जसेच्या तसे घ्या. एखादीच फाईल उचलली तर ती उघडत नाही. काही केंद्रं हल्ली सीडीऐवजी लिंक देतात. लिंकची मुदत किती ते विचारा आणि मुदत संपायच्या आत डाऊनलोड करा. फिल्म खिडकीच्या काचेला लावून काढलेला मोबाईलमधला फोटो नातेवाइकांना दाखवायला ठीक, डॉक्टरांना नको.

बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक. कॅन्सरच्या उपचारांसाठी दुसरीकडे जाताना रिपोर्टसोबत पेशींच्या काचपट्ट्या आणि मेणातला नमुना मागतात. हा भाग संगणकातून जात नाही. पॅथॉलॉजीला अर्ज करून, पावतीवर सही करून घ्यावा लागतो.

हे सगळं एका माणसाच्या मोबाईलमध्ये राहू देऊ नका. डिजिलॉकरमध्ये किंवा आभा ॲपमध्ये स्वतः अपलोड करण्याची सोय आहे. आणि कृपा करून भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्ट टाकू नका. एकदा गेलेला रिपोर्ट परत येत नाही, आणि सोयरिकीच्या वेळी तो कुठून वर येईल सांगता येत नाही.

तपासासाठी पुन्हा कोल्हापूरला जायचं, पण प्रवास झेपत नाही? डॉक्टरांना व्हिडिओवर तपासणी करतील का विचारा. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला असा सल्ला देऊ शकतात, राज्याची सीमा आड येत नाही. गुंगीची आणि व्यसन लावणारी काही औषधं मात्र अशा सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. फोन वापरणं जमत नसेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात, तेही मोफत.

कुठली योजना लागेल

दाखल होण्याच्या आधी विचारायचा प्रश्न हा. दाखल झाल्यावर विचारला तर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

*कर्नाटकातल्या रुग्णालयात, कर्नाटकाच्या रेशनकार्डावर.* बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. उरलेले ७० टक्के तुमच्या खिशातून. इथे ‘रेफरल’ ही अट सर्वांत जास्त लोकांना नडते. आधी सरकारी रुग्णालय. तिथे सोय नसेल तर त्यांनी पाठवल्याची चिठ्ठी. मग योजनेतलं खासगी रुग्णालय. तातडीच्या उपचारांची वेगळी यादी आहे, त्यांना चिठ्ठी लागत नाही. थेट खासगीत जाऊन, पैसे भरून, मागून योजना लावता येईल या आशेवर राहू नका. कार्ड ग्राम वन, कर्नाटक वन किंवा सीएससी केंद्रात काढून मिळतं. चौकशीसाठी १०४.

*महाराष्ट्रातल्या रुग्णालयात, कर्नाटकाच्या कार्डावर.* दोन वाटा आहेत. केंद्राच्या आयुष्मान कार्डाला इतर राज्यांतल्या योजनेतल्या रुग्णालयांत चालण्याची मुभा आहे; १४५५५ वर फोन करून तुमचं कार्ड आणि तुमचा उपचार दोन्ही बसतात का ते पक्कं करा. दुसरी वाट महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ती सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली आणि त्यावर बरंच राजकारण झालं, अजूनही अधूनमधून होतं. रुग्णाच्या दृष्टीने त्यातला उपयोगाचा भाग एवढाच: तुमचं गाव यादीत आहे का, कोणते दाखले लागतात आणि रुग्णालय योजनेत आहे का, हे १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर विचारा, आणि रुग्णालयात गेल्यावर आधी ‘आरोग्यमित्र’ असं लिहिलेली खुर्ची शोधा. दोन्ही राज्यांत या पदाला हेच नाव आहे. ती खुर्ची रिकामी असेल तर बिलाच्या खिडकीवरच्या तोंडी आश्वासनावर रुग्णाला दाखल करू नका.

*सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा.* २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. तुम्ही जिथे जाणार त्या रुग्णालयात ते घेतात का, हे आधी विचारा.

*खासगी विमा.* विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे, आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशिरामुळे रुग्णालयाने जादा दिवसाचं भाडं लावलं तर ते कंपनीने सोसायचं.

कुठलीही योजना असो, मंजुरीचा नंबर स्वतः लिहून घ्या. ‘ऑनलाइन टाकलंय’ या उत्तराला अर्थ नाही. कधी टाकलं, नंबर काय, स्थिती काय हे तीन प्रश्न विचारा. योजनेत मंजूर उपचारासाठी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा. पावती मागितली की मागणी पुष्कळदा विरघळते.

तातडीच्या वेळी यातलं काहीच आठवायचं नाही. १०८ लावा. दोन्ही राज्यांत नंबर एकच आहे, म्हणून आधी राज्य, जिल्हा, तालुका, मग गाव सांगा.

बाळंतपण माहेरी होणार असेल

निपाणीची सून गडहिंग्लजला माहेरी जाते तेव्हा तिचा सातव्या महिन्यापर्यंतचा सगळा हिशेब कर्नाटकातल्या तायी कार्डावर असतो. ते कार्ड तिच्याबरोबर द्या, त्यावरचा आरसीएच क्रमांक फोटो काढून ठेवा, आणि माहेरच्या आशाताईंना पोहोचल्याच्या आठवड्यातच दाखवा. रक्तगट, सोनोग्राफी, एचआयव्ही आणि कावीळ तपासणीचे कागद वेगळे जोडा. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर हे कोणी शोधत बसत नाही.

बाळाच्या लसींसाठी यू-विन आहे. आईच्या मोबाईल नंबरावर बाळाची नोंद करून घेतली की पहिली लस गडहिंग्लजला आणि पुढची निपाणीला घेतली तरी नोंद एकच राहते. जन्माचा दाखला मात्र जिथे जन्म झाला तिथूनच मिळतो, महाराष्ट्रात झाला तर महाराष्ट्रातूनच. नोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालय माहिती पाठवतं, पण आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग तुम्ही दिलेल्या कागदावरूनच जातं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून लागतो. फॉर्म कन्नड येणाऱ्या वडिलांनी भरला की मराठी येणाऱ्या आईने, याहून तो आधार बघून भरला का, हे महत्त्वाचं.

फसवणुकीचे तीन नेहमीचे प्रकार

- ‘आयुष्मान यादी’ किंवा ‘रुग्णालय अपॉइंटमेंट’ अशा नावाची एपीके फाईल व्हॉट्सॲपवर येते. ती उघडू नका. खरी ॲपं प्ले स्टोअरवर असतात.
- गुगलवर रुग्णालयाचा नंबर शोधला, फोन लावला, समोरचा म्हणतो नोंदणीसाठी पाच-दहा रुपये या लिंकवर भरा. पाच रुपयांच्या निमित्ताने खातं रिकामं होतं. नंबर जुन्या केसपेपरवरून किंवा बिलावरून घ्या.
- ‘तुमचं कार्ड बंद पडणार आहे, ओटीपी सांगा.’ सरकारी योजनेचं कुणीही फोनवर ओटीपी मागत नाही.

पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

अडवलं तर: तुमचे हक्क आणि कुठे जायचं

आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं आणि रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत देणं हे डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहिता नियमांनी बंधनकारक आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे त्याला उत्तर होऊ शकत नाही. मागणी लेखी करा, दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रुग्णालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. तीन वर्षांची मुदत आहे म्हणून जुन्या ऑपरेशनचे कागद आजच मागून घेतलेले बरे.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर त्यातला मजकूर, धोके आणि पर्याय तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावून घेणं हा रुग्णहक्कांच्या सनदेतला हक्क आहे. आता सही पुष्कळदा टॅबच्या पडद्यावर बोटाने घेतात. पडद्यावर नुसती सहीची चौकट दिसत असेल तर वरचा मजकूर दाखवायला सांगा आणि सही केलेल्या कागदाची प्रत मागा.

तक्रार कुठे करायची हे बहुतेकदा रुग्णालय कुठल्या राज्यात आहे त्यावर ठरतं:

- कर्नाटकातलं खासगी रुग्णालय: जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेलं जिल्हा नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरण. अर्ज जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात.
- डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल: कर्नाटकात कर्नाटक मेडिकल कौन्सिल, महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. डॉक्टरांची नोंदणी ज्या कौन्सिलकडे, तिथेच.
- सरकारी रुग्णालयाने नोंदी न दिल्यास: माहितीच्या अधिकाराखाली अर्ज.
- पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी असेल: जिल्हा ग्राहक आयोग. सगळ्यांना पूर्ण मोफत सेवा देणारी सरकारी रुग्णालयं यात येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे.

शेवटच्या मार्गात सीमाभागाच्या सोयीची एक तरतूद आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही दावा करता येतो. म्हणजे रुग्णालय कोल्हापुरात असलं तरी निपाणीच्या माणसाला बेळगावच्या आयोगात जाता येतं. कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतो, आणि आधी नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ वर फोन करा. सोबत जोडायला बिलं, डिस्चार्ज कार्ड, नोंदी मागितल्याच्या अर्जाची पोच आणि मंजुरीचे नंबर लागतील.